‘न वर्णवे’ आणि ‘भासे’ : दोन कवितांची तुलना कुठून सुरू करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका महाविद्यालयात एम.ए. मराठी करणाऱ्या विद्यार्थिनीला ‘सौंदर्य शब्दांत पकडताना होणारी झटापट’ या विषयावर दोन कवितांची तुलना लिहायची आहे. मर्यादा दीड हजार शब्दांची, हातात दोन आठवडे. तिनं ज्ञानेश्वरांची ‘पांडुरंगकांती’ ही विराणी (विरहिणीच्या तोंडचं पद) आणि बालकवींची ‘श्रावणमासी’ घेतली आहे. मार्गदर्शकांचं म्हणणं, जोडी जुळत नाही. विराणीत ‘न वर्णवे’ असं स्पष्ट म्हटलंय, पण बालकवींच्या कवितेत शब्द अपुरे पडल्याचं कुठंच आलेलं नाही. मग जोडी बदलू का? नाही बदलली तर सुरुवात कुठून करू?

जोडी बदलू नका. मार्गदर्शकांचा आक्षेप अर्धा खरा आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यातूनच तुमचा निबंध निघणार आहे. ‘श्रावणमासी’च्या वीस ओळींत ‘सांगता येत नाही’ अशा अर्थाचं एकही वाक्य नाही, हे बरोबर. पण झटापट वाक्याच्या अर्थात शोधायची नसते. ‘शब्द थिटे पडतात’ हे कवितेतलं वाक्य पुष्कळदा नुसती रीत असते, लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ छापतात तशी. ते छापलं म्हणून चिमुकल्यांनी खरंच बोलावलं असं होत नाही. खरी ओढाताण दिसते ती क्रियापदांच्या रूपांत आणि ‘चि’, ‘की’, ‘तंव’, ‘काय’ असल्या टिचभर शब्दांत. त्या शब्दांवर बोट ठेवलंत तर दोन्ही कविता एकाच टेबलावर येतात.

आधी संहिता. दोन्ही रचना आपल्याला गाण्यातून किंवा शाळेतून पाठ असतात आणि तिथंच घोळ होतो. गळ्यातल्या ओळी कागदावर उतरवू नका. विराणी छापील गाथेतून घ्या, शक्यतो सार्थ. बालकवींची कविता त्यांच्या समग्र कवितेच्या छापील आवृत्तीतून घ्या. सार्वजनिक वाचनालयासारखं 1840 सालापासूनचं ग्रंथालय गावात असताना मोबाइलवर सापडलेल्या पाठावर निबंध उभा करायचं कारण नाही. विराणीत अनुस्वारांचे आणि काही शब्दांचे पाठभेद आहेत. एक आवृत्ती धरा, ती कोणती ते पहिल्याच पानावर सांगा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

दोन्ही कविता हातानं उतरवा, दोन ओळींमध्ये दोन बोटं जागा सोडून. मग शब्दार्थ. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण निम्मे निबंध इथंच घसरतात. विराणीतल्या ‘खोळ बुंथी घेऊनि खुणाची पालवी’ या ओळीतली ‘पालवी’ म्हणजे झाडाची कोवळी पानं नव्हेत. हे ‘पालवणे’ क्रियापद आहे, हातानं किंवा पदरानं खुणावून बोलावणं. बुंथी म्हणजे अंगभर घेतलेलं पांघरूण. म्हणजे विठ्ठल अंग झाकून घेऊन खुणांनीच बोलावतो आणि हाक मारली तर ‘नेदी सादु’, ओ देत नाही. ‘पालवी’चा अर्थ पानं घेतलात तर खूण विरुद्ध शब्द हा सगळा धागाच हातून सुटतो. ‘क्षेम’ म्हणजे इथं खुशाली नाही, आलिंगन. ‘रत्नकीळ’मधला कीळ म्हणजे तेज, किरण. बालकवींकडे ‘शिरवे’ म्हणजे हलक्या सरी, ‘बलाकमाला’ म्हणजे बगळ्यांची रांग, ‘पुरोपकंठी’ म्हणजे गावाच्या लगत. आणि ‘सांज अहाहा! तो उघडे’ यातला ‘तो’ हे कुणाचं सर्वनाम नाही. ‘तोच’, ‘तेवढ्यात’ या अर्थाचं ते अव्यय आहे. ‘तो म्हणजे सूर्य’ असा अर्थ हमखास लावला जातो.

आता विराणी जवळून पाहू.

पहिल्या कडव्यात कवी काय करतो? ‘पांडुरंगकांती दिव्य तेज झळकती। रत्नकीळ फांकती प्रभा।’ कांती, तेज, झळकणं, कीळ, फाकणं, प्रभा. एवढ्यावर थांबत नाही, ‘अगणित लावण्य तेजःपुंजाळले’. दीड ओळीत उजेडाच्या अर्थाचे सहा-सात शब्द खर्च झाले. आणि मग येतं, ‘न वर्णवे तेथींची शोभा’. क्रम नीट बघा. वर्णन करून झाल्यावर तो म्हणतो वर्णन होत नाही. शब्द सापडत नाहीत अशी ही तक्रार नाही. शब्द भरपूर सापडले, तरी राहिलं ते राहिलंच. ‘माझा मराठाचि बोलु’ अमृताशी पैज जिंकेल अशी अक्षरं मेळवीन, असं ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात म्हणणारा हाच कवी आहे, हे निबंधात एका ओळीत सांगा. त्यानं ‘न वर्णवे’चं वजन कळतं. ज्याला भाषेचा भरवसा नाही त्यानं असं म्हणण्यात काही विशेष नव्हतं.

‘वर्णवे’ हे शक्यार्थक रूप आहे. ‘वर्णीत नाही’ असं म्हटलेलं नाही, ‘वर्णन करणं जमत नाही’ असं आहे. करणारा आहे, करूनही पाहतो, कर्तृत्व पुरत नाही.

पुढचं धृपद सगळ्यांना पाठ असतं, म्हणूनच त्याकडे कुणी बघत नाही. ‘कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु.’ कानडा म्हणजे कर्नाटकातला. शिवाय कळायला अवघड, अगम्य, असाही अर्थ इथं लावतात. दोन्ही अर्थ एकदम राहू द्या, एक निवडू नका. ज्याच्या रूपाचा वेध लागलाय त्याची भाषाच वेगळी आहे. आपण इकडून मराठीत आळवतोय, तिकडून खुणा येतायत. सौंदर्य आणि शब्द यांच्यातल्या अंतराचं इतकं रोखठोक चित्र मराठीत क्वचित सापडेल, आणि निबंधांत बहुधा ते ‘विठ्ठल मूळचा कर्नाटकातला की नाही’ या वादात वाहून जातं.

मग येतो तो प्रसिद्ध भाग : ‘शब्देंविण संवादु, दुजेंवीण अनुवादु, हें तंव कैसेनि गमे। परेहि परतें बोलणें खुंटलें, वैखरी कैसेनि सांगे।’ वाणीचे चार टप्पे मानलेले आहेत : परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. वैखरी म्हणजे तोंडानं उच्चारलेली, सर्वांत बाहेरची. परा सर्वांत आतली. बोलणं परेच्याही पलीकडे जाऊन खुंटलंय, मग वैखरीनं कसं सांगावं? हे दोन-तीन वाक्यांत स्पष्ट करा आणि पुढं चला. इथं चार वाणींवर पानभर टिपण जोडायचा मोह होतो. दीड हजार शब्दांत त्याला जागा नाही.

माझ्या मते या रचनेचा सांगाडा दुसरीकडे आहे, एका वाक्यरचनेत. ‘पाया पडूं गेलें तंव पाऊलचि न दिसे.’ ‘क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली.’ ‘दृष्टीचा डोळा पाहों गेलें तंव भीतरीं पालटु झाला.’ तीन वेळा ‘...गेलें तंव...’. काही करायला जावं आणि भलतंच व्हावं, अशी ही रचना. पाय, मिठी, नजर, असे पकडायचे तीन प्रयत्न आहेत आणि तिन्ही वेळा हाती लागतं ते वेगळंच. झटापट म्हणायची ती हीच. तिन्ही ‘तंव’ पेन्सिलनं अधोरेखित करा.

आणखी एक मोजणी करा. नकाराची रूपं कुठं कुठं आहेत? न वर्णवे, नेदी, न दिसे, न कळे. धृपद धरून सहा कडव्यांपैकी पहिल्या चारांत हे नकार विखुरलेले आहेत. शेवटच्या दोन कडव्यांत एकही ‘न’ नाही. ‘मीचि मी एकली’ हे वाक्य अपयशाचं आहे, पण होकारार्थी आहे. ‘भीतरीं पालटु झाला’ तर उघडच होकार. म्हणजे न सांगता येण्याची तक्रार कविता मध्येच सोडून देते. ती सुटली म्हणून सांगता आलं असं नाही, सांगणारीच बदलली. ‘एकली’ हे स्त्रीलिंगी रूप आहे. बोलणारी बाई आहे, विराणी आहे ही. अख्ख्या निबंधात ‘कवी म्हणतो’ लिहून हा धागा हरवणारे पुष्कळ असतात.

‘श्रावणमासी’कडे येऊ. इथं मात्रा मोजल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण या कवितेची ओढाताण छंदाच्या आत दडलेली आहे. लघू अक्षराची एक, गुरूच्या दोन. ‘श्रावणमासी । हर्ष मानसी । हिरवळ दाटे । चोहिकडे’ : आठ, आठ, आठ, सहा. एकूण तीस. दुसरी ओळ ‘क्षणात येते । सरसर शिरवे । क्षणात फिरुनी । ऊन पडे’ : तेच माप. ‘क्षणात’ हा शब्द पहिल्या आणि तिसऱ्या अष्टमात्रेच्या तोंडाशी अचूक बसलाय. ऊन-पावसाचा लपंडाव शब्दांत सांगितलाय तसा मापातही बसवलाय. कवीला इथं काहीच अडलेलं नाही.

अडतं दुसऱ्या कडव्यापासून, वर बघितल्याबरोबर. ‘वरती बघता इंद्रधनूचा गोफ दुहेरी विणलासे’. हे ‘विणलासे’ म्हणजे ‘विणला असे’, विणलेला आहे. ठाम विधान. पण लगेच पुढची ओळ : ‘मंगल तोरण काय बांधिले नभोमंडपी कुणि भासे’. ‘काय’, ‘कुणि’, ‘भासे’, एका ओळीत शंकेचे तीन शब्द. आधी गोफ म्हटलं, मग तोरण म्हटलं, आणि तेही ‘वाटतं कुणी बांधलं की काय’ अशा सुरात. पहिली प्रतिमा पुरली असती तर दुसरीची गरज पडली नसती.

सावधगिरीची एक सूचना. तिसऱ्या कडव्यातलं ‘झालासा’ हे ‘विणलासे’च्या जातीचं रूप नाही. ‘झालासा’ म्हणजे ‘झाल्यासारखा’, त्यातला ‘सा’ सादृश्याचा. एकात ‘असे’ लपलंय, दुसऱ्यात ‘सारखा’. दोन्ही एकच समजून ‘कवी सर्वत्र उपमा वापरतो’ असं लिहिलंत तर परीक्षक पहिल्या पानावरच वही मिटेल.

तीच ओळ पूर्ण घ्या : ‘झालासा सूर्यास्त वाटतो, सांज अहाहा! तो उघडे’. मोजा. तिसरा गट ‘सांज अहाहा’ : तीन अधिक पाच, आठ. तीस मात्रांपैकी पाच मात्रा कवीनं अशा उद्गाराला दिल्या, ज्याला कोशात अर्थ नाही. माप बिघडलेलं नाही, पण त्या मापात शब्दाऐवजी नुसता श्वास भरलाय. ज्ञानेश्वरांचं ‘बोलणें खुंटलें’ ते हेच, फक्त इथं ते खुंटल्याचं सांगितलं जात नाही, घडतं. मार्गदर्शकांना दाखवायची पहिली जागा ही. आणि उद्गार झाल्यावर काय येतं? ‘तरुशिखरांवर, उंच घरांवर पिवळे पिवळे ऊन पडे.’ उपमा नाही, अलंकार नाही, एकच रंग दोनदा. माझ्या लेखी कवितेतली सर्वांत देखणी ओळ हीच.

सर्वांत फिकी ओळ त्याच्या पुढच्याच कडव्यात आहे : ‘सर्व नभावर होय रेखिले सुंदरतेचे रूप महा’. सौंदर्याचं नाव घेऊन त्याला समोर उभं करायचा प्रयत्न फक्त इथं आहे, आणि तिथंच काही दिसत नाही. ‘महा’ हे विशेषण यमकासाठी आलंय हे लपत नाही. बालकवी मोठे कवी आहेत म्हणून हे लिहायला कचरू नका. त्यांच्या कवितेत ‘सुंदर’ हा शब्द परडीला, हरिणीला, बालेला लागतो तेव्हा चालून जातो, कारण शेजारी परडी, हरिणी आणि बाला उभ्या असतात. नुसती ‘सुंदरता’ उभी करायला गेलं की ओळ पोकळ होते. तुमच्या विषयाचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

पाचवं कडवं हे वळण आहे. ‘बलाकमाला उडता भासे कल्पसुमांची माळचि ते, उतरुनि येती अवनीवरती ग्रहगोलचि की एकमते.’ इथं ‘भासे’ आणि ‘चि’ एका ओळीत, ‘चि’ आणि ‘की’ दुसऱ्या ओळीत. ‘चि’ म्हणजे ‘च’, खात्री. ‘भासे’ आणि ‘की’ म्हणजे शंका. ग्रहगोलच, की...? एकाच दमात ठामपणा आणि माघार. नाशिकमध्ये हा फरक समजवायला सोपं उदाहरण आहे. ‘जरा गंगेवर जाऊन येतो’ म्हणणारा नाशिककर गोदावरीला गंगेची उपमा देत नसतो. त्याच्या बोलण्यात ती गंगाच असते. पाहुणा म्हणतो, ‘गोदावरी गंगेसारखी वाटते.’ पहिलं ‘चि’चं बोलणं, दुसरं ‘भासे’चं. बालकवी या कडव्यात दोन्ही माणसांच्या तोंडून एकदम बोलतात.

आणि बगळे ‘उतरुनि येती अवनीवरती’. त्यांच्याबरोबर कविताही खाली उतरते. मोजून पाहा : वाटणं-भासणं दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या कडव्यात आहे. सहाव्यापासून एकदाही नाही. पाखरं पंख सावरतात, हरिणी बागडतात, खिल्लारं चरतात, चाफा फुलला, केवडा दरवळला. सगळी क्रियापदं सरळ. आकाशाशी चाललेली झुंज कवीनं जिंकली नाही, सोडून दिली आणि जमिनीवर आला. विराणीत ‘न’ चौथ्या कडव्यानंतर थांबतो, इथं ‘भासे’ पाचव्यानंतर. तुमच्या निबंधाचा कणा हा. दोन्ही कवितांत हतबलतेची खूण निम्म्या-अधिक वाटेपर्यंत येते आणि मग गळून पडते. फरक एवढाच, की एकीत ती गळते तेव्हा बोलणारी आत वळते, दुसरीत पाहणारा खाली बघतो.

शेवटचं कडवं : ‘देवदर्शना निघती ललना हर्ष माइना हृदयात, वदनी त्यांच्या वाचुनि घ्यावे श्रावण महिन्याचे गीत.’ पहिल्या ओळीत ‘हर्ष मानसी’ होता, मनात होता. इथं ‘हर्ष माइना’, मावत नाही. तोच हर्ष, भांडं अपुरं. आणि गीत कुठं लिहिलंय? कवितेत नाही, बायकांच्या चेहऱ्यांवर. ‘वाचुनि घ्यावे’ हे विध्यर्थी रूप आहे. काम वाचणाऱ्यावर सोपवलंय. वीस ओळी श्रावणाचं गीत गाऊन कवी म्हणतो, खरं गीत तिकडे वाचा. यापेक्षा स्पष्ट कबुली मार्गदर्शकांना कोणती हवी?

एक बारीक धागा आणखी. सातव्या कडव्यात गोप गाणी गातो, त्याचा पावा ‘श्रावणमहिमा’ गातो, आणि शेवटी चेहऱ्यावरचं गीत. गाण्यात शब्द आहेत, पाव्यात नुसता सूर, चेहऱ्यावर तोही नाही. लगेच ‘वैखरीकडून परेकडे’ असं लिहावंसं वाटेल. लिहू नका. बालकवींनी चार वाणी डोळ्यांपुढे ठेवून ही कडवी रचली असा दावा करायला कवितेत आधार नाही. शब्द, सूर, मौन अशी उतरती पायरी कवितेत दिसते एवढंच म्हणा आणि वाचकाला विराणी आपोआप आठवू द्या.

खरी भेट मात्र याच कडव्यात होते. बालकवींच्या बायका देवदर्शनाला निघाल्यात. पाहणारा बाहेर उभा आहे, त्यांच्या चेहऱ्यांकडे बघतोय. त्या पुढं काय बघतील ते त्याला माहीत नाही. विराणीतली बाई दर्शनाला पोचलेली आहे, पाया पडायला वाकलेली आहे. ‘श्रावणमासी’ ज्या उंबऱ्यापाशी थांबते तिथं ‘पांडुरंगकांती’ सुरू होते. शिवाय बालकवींच्या कवितेत ‘मी’ एकदाही नाही, ज्ञानेश्वरांच्या कवितेत ‘मीचि मी’ आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ‘भासे’ म्हणावं लागतं. आत गेलेलीला ‘समोर कीं पाठिमोरा न कळे’ म्हणावं लागतं. त्याची अडचण अंतराची, तिची अंतर न उरल्याची. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेली माणसं आणि ती जाताना रस्त्याच्या कडेला थांबून बघणारी माणसं यांच्या बोलण्यात जो फरक असतो तो हाच. ही तुलना निबंधात घ्यायची असेल तर एका वाक्यात घ्या, वाढवू नका.

लिहिण्याचं माप. पहिले दीडशे शब्द : विषय, निवडलेल्या आवृत्त्या आणि तुमचा मुद्दा एका वाक्यात. पुढचे पाचशे : नकाराच्या आणि भासण्याच्या खुणा, दोन्ही कवितांतल्या शेजारी-शेजारी. त्यानंतर पाचशे : त्या खुणा कुठं थांबतात आणि थांबल्यावर काय होतं. अडीचशे : बोलणारी आणि पाहणारा. उरलेले शंभर ‘माइना’साठी राखा. उद्धरण एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक उद्धरणानंतर त्यातल्या किमान एका शब्दाबद्दल काहीतरी म्हटलेलं असलं पाहिजे. ते नसेल तर उद्धरण काढून टाका.

सर्वांत जास्त बिघडतं ते असं : आधी एका कवितेचा सातशे शब्दांचा सारांश, मग दुसरीचा, आणि मध्ये ‘तर’ नावाचा पूल. हे दोन निबंध झाले, तुलना नव्हे. उपाय सोपा आहे. प्रत्येक परिच्छेदात दोन्ही कवितांतला निदान एकेक शब्द अवतरणचिन्हांत आलाय का ते पाहा. नसेल तर तो परिच्छेद सारांशाकडे घसरलाय.

दुसरं, तुमचीच भाषा. ‘अवर्णनीय’, ‘शब्दातीत’, ‘अलौकिक’, ‘अप्रतिम’ हे चार शब्द पहिल्या खर्ड्यात शोधा आणि खोडा. वर्णन करता न येण्याबद्दल लिहिताना ‘अवर्णनीय’ म्हणणं म्हणजे ज्या कामासाठी बसलो ते न करताच उठणं.

तिसरं, चरित्र. ज्ञानेश्वरांचे गुरू आणि थोरले बंधू निवृत्तीनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे; बालकवी धरणगावचे, 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ म्हटलं गेलं, आणि 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात अठ्ठाविसाव्या वर्षी ते गेले; मधल्या काळात ते ज्यांच्या घरी राहिले त्या लक्ष्मीबाई टिळक मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. सगळं खरं, आपल्या भागाच्या माणसाला जिव्हाळ्याचं, आणि या निबंधात एकही अक्षर उपयोगाचं नाही. दोघांचे काळ सांगायला एक ओळ पुरे.

चौथं, निवाडा. ‘संतकवी श्रेष्ठ की निसर्गकवी’ या रस्त्याला जाऊ नका. ओळीला ओळीशी ताडून मत द्या, कवीला कवीशी नको.

मार्गदर्शक तरीही अडून बसले तर पर्याय म्हणून केशवसुतांची ‘झपूर्झा’ सुचवतील, कारण तिच्यात ‘काय म्हणावे या स्थितीला?’ असा थेट प्रश्न आहे आणि उत्तरादाखल कवीनं एक नवाच शब्द ठेवलाय. ती भारी कविता आहे, पण तिचा विषय समोर दिसणाऱ्या वस्तूचं सौंदर्य नाही, हर्ष-खेद मावळल्यावरची तंद्री आहे. ‘कांही न दिसे दृष्टीला’ असं ती पहिल्याच कडव्यात सांगते. तुमच्या विषयात ‘पकडणं’ आहे, आणि पकडायला समोर काहीतरी असावं लागतं. नाशिकचे म्हणून कुसुमाग्रज घ्यायचाही सल्ला मिळेल. घ्यायला हरकत नाही, पण कविता विषयाला लागू पडते म्हणून घ्या, पत्त्यामुळे नको.

वेळेचं म्हणाल तर दोन आठवडे पुष्कळ आहेत. तीन दिवस संहिता आणि शब्दार्थ. दोन दिवस मोजणी, कागदाला मधोमध रेघ मारून डावीकडे ‘न’ आणि ‘तंव’, उजवीकडे ‘भासे’ आणि ‘की’. चार दिवस खर्डा. दोन दिवस हात न लावता बाजूला ठेवा. मग मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते तिथं बहुतेक वेळा विचारच अडखळलेला असतो. विराणी एकदा भजनी मंडळींच्या चालीत ऐका, पण खर्डा झाल्यावर. आधी ऐकलीत तर ‘तंव’वरचा झटका सुरात विरून जातो.

मार्गदर्शकांना भेटायला जाताना निबंध नेऊ नका. ती मधोमध रेघ मारलेला कागद न्या. ‘अहाहा’च्या पाच मात्रा आणि ‘मानसी’पासून ‘माइना’पर्यंत ओढलेला बाण, एवढं दाखवा आणि त्यांना स्वतः मोजू द्या.